बेडकीची पहिली सर्व्हिस

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात, आणि घड्याळ दुरुस्त झालं की ते गिऱ्हाइकाला देत नाहीत. आधी ते दुकानातल्या भिंतीवर खिळ्याला टांगतात आणि नुसतं चालू ठेवतात. मागे पडतंय का, पुढे धावतंय का, मधेच दम टाकतंय का, हे आठवडाभर बघायचं आणि मगच ते मनगटावर जाऊ द्यायचं. गिऱ्हाईक दारात उभं राहून कितीही तळमळलं तरी ह्यांचं उत्तर ठरलेलं असतं, "चालतंय हो, पण मला अजून पटलं नाही." मला लग्नाचं विचारायलाही ह्यांनी दोन वर्षं घेतली होती. तेवढे दिवस मी कुठल्या खिळ्याला टांगलेली होते, हे मी अजून अधूनमधून विचारते.

मी पाणीपुरवठ्यात आहे. आमच्या वस्तीच्या डोक्यावर टेकडी आहे आणि टेकडीवर टाकी. रोज वर जायचं, पाण्याची पातळी बघायची, क्लोरीन घालायचं आणि मोठा व्हॉल्व्ह फिरवून खाली पाणी सोडायचं, हे माझं काम. व्हॉल्व्हचं चाक परातीएवढं आहे. ते फिरवताना खाली शेकडो नळ माझ्या दोन हातांच्या भरवशावर आहेत असं वाटतं आणि मला ते फार आवडतं. कुणाला देवळात बरं वाटतं, कुणाला बाजारात. मला टाकीवर वाटतं.

मागच्या वर्षी त्या वाटेवर मी पडले. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, काम करा, फक्त ती चढण रोज पायी नको. माझ्या जागी तात्पुरता एक फिटर वर जाऊ लागला आणि ऑफिसात कुजबुज सुरू झाली की बाईंना आता तक्रारींच्या टेलिफोनवर बसवावं. दिवसभर खुर्चीत बसून "आमच्याकडे पाणी आलं नाही" हे ऐकायचं, आणि पाणी सोडणार भलताच कुणीतरी. मी इंजिनियर साहेबांना सांगितलं, मी माझ्या गाडीने वर जाईन. ते म्हणाले, "बघू. महिनाअखेरीला मी टाकीवर येतोय. दुपारी चार वाजता तुम्ही तिथे दिसायला हव्यात. कुणाच्या खांद्यावर हात टाकून नाही, आणि व्हॉल्व्ह तुमच्या हाताने फिरायला हवा. नाहीतर टेलिफोन."

म्हणून क्वाड बाईक घेतली. टेकडीच्या वाटेवर जीप मावत नाही आणि दोन चाकांवर माझा विश्वास नाही. चार जाडजूड चाकं, मधे खोगिरासारखी सीट आणि पुढे-मागे सामान बांधायला जाळ्या. टेम्पोतून उतरवली तेव्हा माझी नणंद तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, "वहिनी, ही तर उडी मारायच्या बेतात बसलेली बेडकी दिसते." झालं, तेच नाव पडलं.

विकणाऱ्या माणसाने जाताजाता सांगितलं की पहिले वीस तास इंजिन जपायचं, हँडलवरचा अंगठ्याने दाबायचा अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून गाडी पळवायची नाही, आणि वीस तास झाले की पहिली सर्व्हिस. इंजिन किती तास चाललं ते सांगणारा एक छोटा आकडा हँडलपाशी होता. आमच्या ह्यांनी तो आकडा पाहिला मात्र, त्यांच्या चेहऱ्यावर जुना मित्र भेटल्यासारखं हसू आलं. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हेल्मेट घालून अंगणात आले तर शेडची दोन्ही दारं सताड उघडी, बेडकी जागच्या जागी चालू, चाकांखाली विटा, आणि हे तिच्यासमोर स्टुलावर बसलेले. एका डोळ्याला घड्याळ दुरुस्तीचं भिंग लावलेलं. भिंगातून काय दिसत होतं देव जाणे.

"उतरवा ते भिंग आणि व्हा बाजूला," मी म्हटलं. "मी निघाले."

"कुठे?"

"टाकीवर."

"अजून वीस तास झालेले नाहीत."

"अहो, ते चालवून करायचे असतात."

"चालूच आहे की," हे म्हणाले. "आधी इथे चालू दे. तास पूर्ण होऊ देत, सर्व्हिस होऊ दे, मला पटू दे, मग तू बस. नव्या इंजिनाला चढावर घालायचं म्हणजे काय, पोरखेळ आहे?"

मी वाद घातला. पण हे हळू आवाजात वाद घालतात, आणि हळू आवाजाशी भांडताना आपणच आरडाओरडा करतोय असं सगळ्यांना वाटतं. शिवाय खरं सांगायचं तर इंजिनातलं मला काही कळत नाही. मला पाइप कळतात. महिनाअखेरीला वेळ होता, तोवर तास होतील, सर्व्हिस होईल, मग मी मोकळी, असा मी मनाशी हिशेब केला आणि मूग गिळून बसले.

मग रोज सकाळी तो सोहळा सुरू झाला. हे उठायचे, बेडकी चालू करायचे आणि समोर बसून ऐकत राहायचे. धडधड धडधड, एकाच लयीत, एकाच जागी. घड्याळांचं सगळं सामान त्यांनी शेडमध्ये आणलं. नटांवरची धूळ ते रबरी फुंकणीने उडवायचे. एअर फिल्टर काढून त्यातला कण न् कण चिमट्याने वेचला, आणि तो फिल्टर एकदाही धुळीत गेला नव्हता, म्हणजे कारखान्यातलेच कण असतील तर. ब्रेकच्या सांध्यात त्यांनी सुईच्या टोकाने तेल घातलं. तळहातावरच्या फोडासारखं जपत होते तिला. मला ऑपरेशननंतर जपलं होतं तसंच. तेव्हाही हे मला खुर्चीतून उठू द्यायचे नाहीत, आणि शेवटी फिजिओथेरपीवाली बाई ह्यांना ओरडली होती की गुडघा वाकला नाही तर लाकूड होईल.

पहिली तक्रार नणंदेने केली. तिची लाँड्री आमच्या भिंतीला लागून आहे आणि तिच्या चादरी आमच्या अंगणात वाळतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती एक पांढरी चादर ह्यांच्या नाकासमोर धरून उभी राहिली.

"दादा, हे काय आहे?"

"चादर."

"चादर मला दिसते. हे ठिपके काय आहेत?"

चादरीवर काजळीचे बारीक ठिपके होते. ह्यांनी भिंग लावून ते बघितले आणि म्हणाले, "नवीन इंजिन आहे, पोट साफ करतंय."

"मग त्याला बाहेर ने. मी एका दाराने धुते आणि तू दुसऱ्या दाराने मळवतोस, हा कुठला धंदा?"

हे काही हलले नाहीत. चादरी गच्चीवर गेल्या. नणंद बाजूने जाताना रोज बेडकीला लाथ मारल्यासारखं करायची, पण मारायची नाही. दादाच्या वस्तूला हात लावायची तिची लहानपणापासून छाती नाही.

साहेब यायचे होते त्याच दिवशी आकडा वीसवर आला. मी लगेच मेकॅनिकला बोलावलं, तो दुपारी आला. ह्या मेकॅनिकला सगळे धूमकेतू म्हणतात, कारण तो आला आला म्हणेपर्यंत गेलेला असतो. ह्यांनी त्याच्यासाठी मेजावर पांढरं फडकं अंथरून सगळी हत्यारं लहान-मोठ्या क्रमाने लावली होती. धूमकेतूने त्याकडे पाहिलं, आपली कळकट पिशवी त्याच फडक्यावर दाणकन ठेवली आणि कामाला लागला.

आधी त्याने थंड इंजिनाचे टॅपेट की काय ते तपासले. मग ऑइल काढायच्या आधी ते जरा पातळ व्हावं म्हणून इंजिन चालू केलं. मागून निळसर धूर आला. त्याने भुवई उंचावली, पण बोलला काही नाही. इंजिन बंद केलं, खाली घमेलं सरकवलं आणि बूच सोडलं. ऑइल भसाभसा आलं. काळंकुट्ट, पातळ. त्याने बोट बुडवून वास घेतला. मग ते ऑइल मापाच्या भांड्यात ओतलं आणि भांडं उजेडात धरलं.

"हे तर भरलं होतं त्याच्यापेक्षा जास्त आहे," तो म्हणाला.

आमच्या ह्यांचा चेहरा उजळला. "बघितलंत? थेंबभर कमी झालं नाही. उलट वाढलंय."

"काका, ऑइल वाढत नसतं," धूमकेतू म्हणाला. "हे पेट्रोल आहे. न जळता खाली उतरलंय." त्याने प्लग काढला. तो चुलीतून काढल्यासारखा काळा होता. मग तो हँडलपाशी गेला, किलोमीटरचा आकडा बघितला, काचेवर टिचकी मारली आणि परत बघितला. "ही गाडी गेली कुठे कुठे?"

"कुठे म्हणजे?"

"चालवली कुठे?"

"टेम्पोतून उतरवली आणि शेडमध्ये लावली," हे अभिमानाने म्हणाले. "एक ओरखडा नाही तिच्यावर."

धूमकेतू खाली बसला. उलटी ठेवलेली बादली मिळाली म्हणून बरं, नाहीतर तो जमिनीवरच बसला असता. त्याला एका जागी बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"वीस तास," तो म्हणाला, "तुम्ही हिला उभी करून चालवली?"

"घड्याळ आम्ही असंच बघतो."

"काका, घड्याळाला ओझं ओढायचं नसतं." मग त्याने समजावून सांगितलं, आणि माझ्यासारखीला कळेल असं सांगितलं. पिस्टनला रिंगा असतात. नव्या इंजिनात त्या खरखरीत असतात आणि सिलिंडरची भिंतही खरखरीत असते. इंजिनावर जोर आला की रिंगा भिंतीवर दाबल्या जातात आणि दोघी एकमेकींना घासून नीट बसतात. जोरच आला नाही तर भिंत नुसती गुळगुळीत होते, रिंगा बसायच्या राहतात, आणि मग ऑइल वर जाऊन जळतं, पेट्रोल खाली उतरतं, मागून धूर येतो. "जपा म्हणजे पळवू नका एवढंच. पण कामाला तर लावा. कधी कमी, कधी जास्त, जरा चढ, जरा उतार. हिला काही झालेलं नाही हो. हिला कुणी काम दिलं नाही, तोच हिचा आजार."

धूर बघून नणंद दारात येऊन उभी राहिली होती. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मग ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग, काही कारण नसताना, धूमकेतूनेही पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" मी म्हटलं. "गाडीकडे बघा."

"आता उपाय?" ह्यांनी विचारलं.

"नवं ऑइल, नवा फिल्टर, नवा प्लग घालतो. मग हिला लगेच टेकडीला घाला, थोडं ओझं बांधून. अर्धा अंगठा दाबून चढायचं, आणि उतरताना अंगठा सोडून द्यायचा, इंजिनाच्या जोरावर उतरू द्यायचं. असं दोनतीनदा. धूर थांबला तर रिंगा बसल्या. नाही थांबला तर इंजिन खोलावं लागेल आणि गाडी माझ्याकडे महिनाभर राहील." त्याने भराभर फिल्टर बसवला, बुचाला नवा वॉशर घालून ते पान्याने आवळलं, चारी चाकांचे नट ओढून बघितले आणि पिशवी उचलली. "उद्या हे ऑइल पुन्हा बदलायला येतो."

"चालवणार कोण?" नणंदेने विचारलं.

धूमकेतू तेवढ्यात फाटकाबाहेर पोचला होता. आमच्या ह्यांनी जन्मात सायकलही चालवलेली नाही. नणंदेला लांबचं दिसत नाही.

मी हेल्मेट घातलं.

"आज नको," हे म्हणाले.

"आज चार वाजता साहेब येताहेत."

"मी त्यांच्याशी बोलतो. गाडी बिघडली म्हणून सांगतो. माझी चूक झाली म्हणून सांगतो."

"आणि मग मी टेलिफोनवर."

 तोवर नणंदेने मागच्या जाळीवर मी ऑफिसातून आणून ठेवलेले क्लोरीनचे दोन कॅन ठेवून दोरीने करकचून बांधलेही होते. माणसं बोलत असतात तेव्हा ती गाठी मारते. मी बसले, बटण दाबलं, विटा बाजूला करायला सांगितल्या. हे वाकले, एकेक वीट काढली आणि शेवटची वीट हातात घेऊन चाकाशेजारीच बसून राहिले.   पण थांबले असते तर मी पुन्हा निघाले नसते, म्हणून मी अंगठा दाबला.

पहिली चढण म्हणजे फजितीच होती. बेडकी खोकत होती, धापा टाकत होती, मागे निळ्या धुराचा पडदा सोडत होती. गुडघा सीटला घट्ट दाबला गेल्याने ठणकत होता. अर्धा अंगठा म्हणजे नक्की किती, हेच मला कळत नव्हतं. कधी कमी पडायचा, कधी जास्त. अर्ध्यावर जाऊन मी वळले, अंगठा सोडला आणि इंजिनाच्या घुरघुरीवर खाली आले. दुसऱ्यांदा निघाले तेव्हा हे फाटकात नव्हते. नणंद म्हणाली, "दादा गेला तुझ्यामागे, आडवाटेने. पायी."

गाठले ते मी वळणावर. तिथेच, जिथे मी पडले होते. हे घामाघूम होऊन उभे होते, हातात ऑइलची बाटली, आणि पायाखालच्या त्या सपाट दगडाकडे बघत होते. इतक्या वर्षांत ते टेकडीवर कधी आले नव्हते. दुकान उघडं टाकून माणसाने टेकडी का चढावी, असं त्यांचं मत.

"इथेच का?" त्यांनी विचारलं.

"इथेच."

"एवढ्याशा दगडावरून?"

"एवढ्याशाच."

"मला वाटायचं कडा असेल," ते म्हणाले.  मी इंजिन बंद केलं नाही. धूमकेतूने चढावर बंद करू नका असं काही सांगितलं नव्हतं, पण मला बंद करायचं नव्हतं. मी म्हटलं, मागे वळून बघा. त्यांनी बघितलं. धूर होता, पण विरळ. तिसऱ्या खेपेला तो दिसेनासा झाला. बेडकीचा खोकला थांबला आणि आवाज भरदार झाला. मी खालून वर आले, ह्यांना ओलांडलं, हात केला आणि सरळ टाकीवर गेले.

साहेब आधीच पोचले होते. एका पायातला बूट काढून ते कठड्यावर बसले होते आणि शेजारी तो तात्पुरता फिटर त्यांना पाणी देत होता. मी गाडी लावली, उतरले, क्लोरीनचे कॅन सोडले आणि काहीही न बोलता व्हॉल्व्हपाशी गेले. चाक वर्षभरात जड झालं होतं. पहिला फेरा मी दातओठ खाऊन फिरवला, पुढचे आपोआप आले. पाइपातून पाणी खाली निघाल्याचा तो आवाज ऐकला आणि माझे डोळे भरून आले. पुसले नाहीत मी. घाम म्हणून खपून गेलं असतं.

"बाई, ही जागा तुम्ही परत घ्याच," फिटर म्हणाला. "माझ्या पोटऱ्यांचे दगड झालेत."

"घ्या, माझी हरकत नाही," साहेब बूट घालत म्हणाले. "मी टेलिफोनचं तुमच्या भल्यासाठीच मनात आणलं होतं. म्हणजे सुचवलं तुमच्या मिस्टरांनी. ऑफिसात येऊन गेले होते."

आता माझ्या लक्षात आलं की कुजबुज कुठून सुरू झाली होती. त्या क्षणी ह्यांना कुणी माझ्यासमोर आणलं असतं तर मी व्हॉल्व्हच्या चाकाऐवजी दुसरंच काहीतरी पिरगाळलं असतं. आणि हे आलेच. धापा टाकत, चेहरा लालबुंद, बाटली घट्ट धरलेली.

"तुम्ही माझ्यासाठी खुर्ची मागून आलात?" मी म्हटलं. "मला न विचारता?"

त्यांनी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खोटं बोलायला दम लागतो आणि तो त्यांच्याकडे उरला नव्हता.

"हो," ते म्हणाले.

"आणि गाडी मुद्दाम अडवून ठेवलीत."

"नाही. शपथ. गाडीचं मला खरंच तसं वाटलं." ते कठड्याला टेकले. "तू पायी जायचीस तेव्हा खाली मला काही कळायचं नाही. त्या दिवशी तू त्या वळणावर दुपारभर पडून होतीस, आणि मी दुकानात कुणाच्या तरी गजराच्या घड्याळाशी खेळत बसलो होतो. तू हाका मारल्या असशील. मला काही ऐकू आलं नाही."

साहेब आणि फिटर एकदम टाकीची पातळी बघायला गेले.

 हाका मी मारल्या होत्या. बऱ्याच.

"आत्ता येताना ऐकलं," हे म्हणाले. "तू वळणाच्या पुढे गेलीस, झाडीत गेलीस, दिसेनाशी झालीस, पण आवाज येत होता. कुठे चढतेस, कुठे वळतेस, सगळं कळत होतं. मधे जरा अडखळलीस, तेही कळलं. दुकानात बसूनसुद्धा येईल तो आवाज."

"म्हणजे आता पटलं का?"

"गाडीचं पटलं," ते म्हणाले. "खुर्चीचं माझं चुकलं."

मी अजून रागावलेलीच होते, आणि तो राग घरी नेऊन नीट काढायचा असं मी ठरवलं. उतारावर दोघं बसण्याइतकी बेडकीची सीट नाही. मी निघाले आणि हे बाजूने चालू लागले, एक हात मागच्या जाळीवर. मी ह्यांच्या पावलाने गाडी रांगवत नेत होते. थोडं अंतर असं गेलं. मग त्यांनी हात काढला.

"तू हो पुढे," ते म्हणाले. "माझ्यासाठी हळू चालवू नकोस. इंजिनाला चांगलं नसतं."